टॅग लावलेल्या क्लोराइड चॅनेलचा प्लाझ्मिड: सीएफटीआर घेऊन आराखडा, क्लोनिंग आणि तपासणी

क्लोराइड चॅनेलला, म्हणजे पेशीपटलातून क्लोराइड जाऊ देणाऱ्या प्रथिनाला, टॅग (ओळखीसाठी जोडलेला प्रथिनाचा तुकडा) लावायचा म्हटले की बहुतेक ठिकाणी आधी फ्रीझरमध्ये कोणता व्हेक्टर (जनुक वाहून नेणारा प्लाझ्मिड, म्हणजे वर्तुळाकार डीएनए) पडला आहे ते पाहिले जाते. क्रम उलटा हवा. शेवटी काय मोजायचे आहे ते आधी कागदावर लिहा: वेस्टर्न ब्लॉटवरची (प्रथिनाचा आकार आणि प्रमाण दाखवणारी) पट्टी, सूक्ष्मदर्शकाखाली प्रथिनाची जागा, पेशीपटलावर पोहोचलेला हिस्सा, पॅच क्लॅम्पवरचा (काचेच्या बारीक पिपेटने पेशीपटलातून मोजलेला) विद्युतप्रवाह, की आयोडाइडने चमक विझवण्याची चाचणी. एका मोजमापाला सोयीचा टॅग दुसऱ्याला पूर्ण निकामी करू शकतो, आणि हे तीन आठवड्यांचे क्लोनिंग झाल्यावर कळून उपयोग नसतो.

उदाहरणासाठी सीएफटीआर घेऊ, म्हणजे ज्याच्या बिघाडाने सिस्टिक फायब्रोसिस होतो तो क्लोराइड चॅनेल. १९८९ साली याचे जनुक सापडले. मानवी प्रथिन १४८० अमिनो आम्लांचे, पटल बारा वेळा ओलांडणारे, आणि दोन्ही टोके पेशीच्या आत. याचे सीडीएनए (संदेशवाहक आरएनएवरून बनवलेली डीएनए प्रत) जीवाणूंमध्ये सांभाळणे त्रासाचे आहे, त्यामुळे क्लोनिंगमधल्या बहुतेक अडचणी या एकाच चॅनेलमध्ये भेटतात.

टॅगची जागा

सी-टोकाला (प्रथिनाच्या साखळीच्या शेवटी) टॅग लावणे सर्वांत सोपे, पण सीएफटीआरसाठी ही जागा शक्यतो टाळावी. शेवटची चार अमिनो आम्ले अॅस्पार्टेट, थ्रिओनीन, आर्जिनीन आणि ल्युसीन अशी आहेत. पीडीझेड क्षेत्र असलेली प्रथिने, उदाहरणार्थ एनएचईआरएफ१, याच टोकाला धरतात. त्यापुढे जीएफपी (हिरवे चमकणारे प्रथिन) चिकटवला की ही पकड जाते. एचईके पेशीत (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशी) नुसता प्रवाह मोजायचा असेल तर फरक कदाचित जाणवणार नाही. पण ध्रुवीय उपकला पेशींमध्ये वरच्या पृष्ठभागावरची जागा, तिथला टिकाऊपणा किंवा जोडीदार प्रथिने अभ्यासायची असतील तर निष्कर्षच डळमळीत होतो.

एन-टोकाचा (साखळीच्या सुरुवातीचा) जीएफपी सीएफटीआर चांगला सहन करतो, म्हणून हीच नेहमीची निवड. जीएफपीचे रेणू एकमेकांना चिकटू नयेत यासाठी २०६ व्या जागी अॅलानीनऐवजी लायसीन असलेले रूप घ्या. मध्ये ग्लायसीन-सेरीनचा १० ते १५ अमिनो आम्लांचा दुवा ठेवा. दुव्यातल्या प्रत्येक ग्लायसीनला तोच कोडॉन देऊ नका: पुनरावृत्तीमुळे प्रायमर भलतीकडे बसतो आणि जुळणीत तुकडे गळतात.

पेशीपटलावर किती चॅनेल पोहोचले ते मोजायचे असेल तर टॅग बाहेरच्या बाजूला हवा. त्यासाठी चौथा बाह्य फास वापरतात, ९०१ व्या अमिनो आम्लाच्या लगत. इथे एक बारीक सापळा आहे. सीएफटीआरवर साखरेच्या साखळ्या ८९४ आणि ९०० या दोन अॅस्पॅराजिनांवर लागतात. ग्लायकोसिलेशनसाठी (साखर लागण्यासाठी) अॅस्पॅराजिननंतर एक अमिनो आम्ल सोडून सेरीन किंवा थ्रिओनीन लागते. ९००, ९०१ आणि ९०२ या जागी अनुक्रमे अॅस्पॅराजिन, अॅस्पॅराजिन आणि सेरीन आहेत. ९०१ च्या पुढे सवयीप्रमाणे ग्लायसीनने सुरू होणारा दुवा घातला की ९०० ची खूण मोडते. घातलेल्या तुकड्याची सुरुवात सेरीन-ग्लायसीन अशी केली तर ती शाबूत राहते. सेरीन-सेरीन मात्र नको, कारण त्याने ९०१ वर नवीनच खूण तयार होते. मग एचएचा नऊ अमिनो आम्लांचा, अँटिबॉडीने ओळखला जाणारा टॅग, आणि पुन्हा छोटा दुवा. क्षीण संकेत नको असेल तर एचए सलग तीनदा घाला.

आता रंगाचा प्रश्न. पिवळे वायएफपी टॅग म्हणून क्लोराइड चॅनेलला लावणे ही सर्वांत महाग पडणारी चूक, कारण वायएफपीची चमक हॅलाइड आयनांनी (क्लोराइड, आयोडाइड वगैरे) कमी होते. चॅनेल उघडला आणि पेशीतले क्लोराइड बदलले की टॅगची चमकही हलते, आणि ती प्रथिनाच्या प्रमाणातला बदल वाटते. याच गुणाचा उपयोग करून हॅलाइड मोजणारे वायएफपी बनवले आहे, ज्यात १४८ व्या जागी हिस्टिडीनऐवजी ग्लुटामीन आणि १५२ व्या जागी आयसोल्युसीनऐवजी ल्युसीन असते. आयोडाइडने चमक विझवण्याची चाचणी यावरच चालते; ती करायची असेल तर चॅनेलवर जीएफपीही चालत नाही, दोन्हींचा प्रकाश एकमेकांत मिसळतो. तिथे एमचेरी (लाल चमकणारे प्रथिन) किंवा नुसता एचए टॅग लावा. एमचेरीचा आणखी एक फायदा म्हणजे आम्लधर्मी पुटिकांमध्येही तो चमकतो. जीएफपी तिथे मंदावतो आणि लायसोसोमकडे गेलेले प्रथिन दिसतच नाही.

दुसरे चॅनेल घेतले तर हिशेब बदलतो. कॅल्शियमने उघडणाऱ्या टीएमईएम१६ए या क्लोराइड चॅनेलची दोन्ही टोके आत असतात आणि सी-टोकाचा जीएफपी सर्रास वापरला जातो. कोणता स्प्लाइस प्रकार (एकाच जनुकाचे तुकडे वेगळे जोडून बनलेले रूप) घेतला ते मात्र नकाशावर नोंदवा, कारण कॅल्शियमला दिला जाणारा प्रतिसाद त्यावर अवलंबून असतो. ग्लायसीन किंवा गाबा-ए रिसेप्टरचे एन-टोक बाहेर असते आणि सुरुवातीचा संकेत पेप्टाइड कापला जातो. टॅग त्याच्या आधी लावला तर तो कापलेल्या तुकड्याबरोबर निघून जातो, म्हणून कापण्याच्या जागेनंतर काही अमिनो आम्ले सोडून घाला. पेशी फुगल्यावर उघडणाऱ्या चॅनेलचा घटक एलआरआरसी८ए एकट्याने जास्त प्रमाणात व्यक्त केला तर फुगण्याने सुरू होणारा प्रवाह वाढण्याऐवजी घटतो. त्याला सी, डी किंवा ई भावंडांपैकी कोणीतरी सोबत लागतेच.

व्हेक्टर आणि अनुक्रम

तात्पुरत्या अभिव्यक्तीसाठी पीसीडीएनए३.१ प्लस पुरेसा आहे: ५४२८ बेसजोड्या, सीएमव्ही प्रमोटर (जनुक चालू करणारा अनुक्रम), गोवंशीय वाढ-संप्रेरकाचा पॉली-ए संकेत, जीवाणूंसाठी अॅम्पिसिलिनचा आणि पेशींसाठी जी४१८ चा रोध देणारी निवडीची जनुके. सीएमव्ही मात्र फार जोरकस आहे. घडी घालायला वेळ घेणाऱ्या प्रथिनाचा पूर आला की बराचसा माल अंतर्द्रव्यजालिकेतच अडकतो. प्रथिनाची वाहतूक हाच प्रश्न असेल तर एकाच जागी एकच प्रत बसणारी आणि डॉक्सिसायक्लिनने चालू होणारी पद्धत घ्या. वेळ जास्त जातो, पण उत्तर विश्वासार्ह येते.

एन-टोकाच्या रचनेसाठी संगणकावर पुढील क्रम जुळवा. आधी कोझॅक अनुक्रम (रायबोसोमला सुरुवातीची जागा दाखवणारा) जीसीसीएसीसी, लगेच जीएफपीचा सुरुवातीचा कोडॉन एटीजी. ईजीएफपीचा (जीएफपीच्या नेहमी वापरल्या जाणाऱ्या रूपाचा) दुसरा कोडॉन जीटीजी असल्याने कोझॅकला हवा असलेला पुढचा जी आपोआप मिळतो. जीएफपीचा थांबा कोडॉन काढा. मग दुवा. मग सीएफटीआर, त्याचा स्वतःचा एटीजी वगळून. तो ठेवला तर काही रायबोसोम तिथूनच सुरुवात करतात आणि टॅग नसलेले प्रथिन मिसळते. शेवटी सीएफटीआरचा मूळ थांबा कोडॉन.

वाचनाची चौकट (बेसचे तीन-तीनचे गट) बरोबर आहे का ते बेरजेने पाहा. जीएफपी २३९ अमिनो आम्ले म्हणजे ७१७ बेस, १२ अमिनो आम्लांचा दुवा ३६, एटीजीशिवाय थांबा धरून सीएफटीआर ४४४०. एकूण ५१९३, तीनने भागून १७३१. थांबा वजा केला की १७३० अमिनो आम्ले. सॉफ्टवेअरमध्ये भाषांतर करून हाच आकडा यायला हवा. पूर्ण प्लाझ्मिड सुमारे साडेदहा हजार बेसजोड्यांचा होईल.

कोडॉन बदलून घेतलेले कृत्रिम सीडीएनए मागवण्याचा मोह होतो. त्याने जीवाणूंमधला त्रास कमी होऊ शकतो, पण भाषांतराचा वेग बदलला की सीएफटीआरची घडीही बदलू शकते. उत्परिवर्तनांची तुलना करायची असेल तर सगळी रूपे एकाच सीडीएनएवर बांधा. अर्धी मूळ आणि अर्धी कोडॉन बदललेली असली की तुलना संपली.

जुळणी

व्हेक्टर एनएचई१ आणि एक्सएचओ१ या एन्झाइमांनी कापा आणि जेलवरून शुद्ध करा. जेल पाहताना अतिनील ऐवजी निळा प्रकाश वापरा. लांब डीएनएला अतिनील प्रकाशाची एक-दोन मिनिटेही भोवतात. जीएफपी आणि सीएफटीआर हे दोन तुकडे उच्च अचूकतेच्या पॉलिमरेझने वाढवा. प्रायमरचा बसणारा भाग १८ ते २५ बेसचा, आणि शेजारच्या तुकड्याशी जुळणारी शेपटी २० ते ३० बेसची. सीएफटीआरसाठी ७२ अंशांवर दर हजार बेसना ३० सेकंद, म्हणजे सव्वादोन मिनिटे. फेऱ्या २५ च्या वर नेऊ नका. साचा प्लाझ्मिड असल्यास डीपीएन१ (जीवाणूतून आलेला साचा कापणारे एन्झाइम) घालून ३७ अंशांवर अर्धा तास ठेवा. ही पायरी टाळली की ताटलीवर साच्याच्याच कॉलन्या उगवतात.

गिब्सन पद्धतीच्या (जुळणाऱ्या टोकांवरून तुकडे सांधण्याच्या) जुळणीसाठी प्रमाण वजनात नव्हे, रेणूंच्या संख्येत मोजा. नॅनोग्रॅमला १००० ने गुणून, बेसजोड्या गुणिले ६५० ने भागले की पिकोमोल मिळतात. १०० नॅनोग्रॅम व्हेक्टर म्हणजे साधारण ०.०२८ पिकोमोल. प्रत्येक तुकडा दुप्पट घ्यायचा तर सीएफटीआर सुमारे १६५ नॅनोग्रॅम आणि जीएफपी सुमारे २८ नॅनोग्रॅम. ५० अंशांवर एक तास. सोबत तुकड्यांशिवाय नुसत्या व्हेक्टरची नळी ठेवाच. तिच्या ताटलीवर किती कॉलन्या येतात त्यावरून खऱ्या ताटलीचा अर्थ लागतो.

जीवाणूंमधला खरा अडथळा

सीएफटीआरच्या सीडीएनएमध्ये सहाव्या एक्झॉनच्या भागात जीवाणूंना प्रमोटर वाटणारा छुपा अनुक्रम आहे. तिथून एखादा तुकडा तयार होऊ लागला की तो जीवाणूला विषारी ठरतो, आणि ज्या पेशींनी तो तुकडा मोडला किंवा गाळला त्याच जोमाने वाढतात. १९९० च्या सुमारास यावर तीन उपाय पुढे आले: कमी प्रतींचा प्लाझ्मिड, त्या जागी अमिनो आम्ल न बदलणारा एका बेसचा बदल, आणि कृत्रिम इंट्रॉन. हाती आलेल्या सीडीएनएत यांपैकी काय आहे ते अनुक्रम पाहून ठरवा. काहीच नसेल आणि व्हेक्टर पीयूसी उगमाचा, म्हणजे भरपूर प्रती करणारा असेल, तर पुढची काळजी ऐच्छिक राहत नाही.

१. एसटीबीएल३ किंवा त्यासारखा, पुनर्संयोजन कमी करणारा जीवाणू वापरा. ५० मायक्रोलिटर पेशींत २ मायक्रोलिटर जुळणी घाला.

२. उष्णतेच्या झटक्यानंतर एसओसी या पोषक माध्यमात ३० अंशांवर एक तास हलवा. ताटलीत अॅम्पिसिलिनऐवजी कार्बेनिसिलिन, मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम. आजूबाजूच्या उपग्रह कॉलन्या कमी होतात.

३. ताटल्या ३० अंशांवर २४ ते ३६ तास ठेवा. लहान कॉलन्या उचला. मोठी, गुबगुबीत कॉलनी बहुधा बिघडलेल्या प्लाझ्मिडची असते.

४. द्रव माध्यमातही ३० अंश, २० ते २४ तास. रात्रभर वाढलेल्या माध्यमातून पुढचे माध्यम टोचू नका. ताज्या कॉलनीपासून किंवा ग्लिसरॉल साठ्यापासूनच सुरुवात करा.

फक्त जोडांवरची कॉलनी पीसीआर पुरेशी नाही. जोड नीट असतात आणि मध्येच कुठेतरी जीवाणूचा उडता अनुक्रम घुसलेला असतो, पाऊण ते दीड हजार बेसचा. म्हणून एकदाच कापणाऱ्या एन्झाइमने प्लाझ्मिड सरळ करून पूर्ण लांबी मोजा. पट्टी साडेदहा हजारांऐवजी बारा हजारांकडे गेली की ती कॉलनी टाकून द्या.

मग पूर्ण अनुक्रम. सँगरने करायचे तर ५२०० बेससाठी आठ वाचने लागतील. नॅनोपोरने अख्खा प्लाझ्मिड एका दमात वाचता येतो. एकाच बेसच्या लांब ओळीत नॅनोपोर एखादा बेस कमी-जास्त दाखवतो, तेवढी जागा सँगरने तपासा. ४७० व्या जागी मेथिओनीनऐवजी व्हॅलीन दिसले तर घाबरू नका: दोन्ही रूपे लोकसंख्येत सर्रास आढळतात आणि प्रयोगशाळांमध्ये दोन्ही सीडीएनए फिरत असतात. कोणते आहे ते फक्त लिहून ठेवा आणि नियंत्रणालाही तेच घ्या.

पेशींमध्ये

प्लाझ्मिड एंडोटॉक्सिनमुक्त किटने काढा. २६० आणि २८० नॅनोमीटरवरच्या प्रकाशशोषणाचे गुणोत्तर १.८ ते १.९, तीव्रता मायक्रोलिटरला अर्धा ते एक मायक्रोग्रॅम. एवढ्या मोठ्या प्लाझ्मिडला व्हॉर्टेक्सवर गरगरवू नका.

एचईके२९३ पेशी सहा खणांच्या ताटलीत, प्रत्येक खणात ५ लाख, आदल्या दिवशी पेरा. या पेशी सहज सुटतात, म्हणून काचेवर वाढवायच्या असतील तर आधी पॉली-लायसीन लावा. ६० ते ७० टक्के जागा भरली की २ मायक्रोग्रॅम डीएनए २०० मायक्रोलिटर सीरमविरहित माध्यमात मिसळा, त्यात मिलिलिटरला १ मिलिग्रॅम तीव्रतेचे रेषीय पीईआय (डीएनए पेशीत नेणारा पॉलिमर) ६ मायक्रोलिटर घाला, १५ मिनिटे थांबा आणि थेंबाथेंबाने खणात सोडा. २४ ते ४८ तासांनी पाहा. पॅच क्लॅम्पसाठी चॅनेलचा प्लाझ्मिड ०.१ ते ०.३ मायक्रोग्रॅमच घ्या आणि उरलेले वजन रिकाम्या व्हेक्टरने भरा. प्रवाह फार मोठा झाला की श्रेणी-रोधामुळे (पिपेट आणि पेशी यांमधल्या विद्युतरोधामुळे) व्होल्टेज चुकते आणि आलेख सुंदर पण खोटा निघतो.

सोबत चार नियंत्रणे हवीत: रिकामा व्हेक्टर, टॅग नसलेला सीएफटीआर, ५०८ वे फेनिलअॅलानीन गळालेला सीएफटीआर, आणि ५५१ व्या जागी ग्लायसीनऐवजी अॅस्पार्टेट असलेला. तिसरा पेशीपटलापर्यंत पोहोचत नाही. चौथा पोहोचतो पण उघडत नाही. वाहतूक बिघडली की द्वार बिघडले, हे या जोडीवरून वेगळे करता येते. टॅग नसलेले नियंत्रण लोक सर्वांत आधी वगळतात, आणि परीक्षक सर्वांत आधी तेच मागतात.

ब्लॉट

नमुना उकळू नका. पटलातली मोठी प्रथिने ९५ अंशांवर गोळा होतात आणि खाचेतच अडकतात. मग ब्लॉट रिकामा येतो आणि दोष क्लोनिंगला दिला जातो. ३७ अंशांवर १५ ते २० मिनिटे पुरे. ६ ते ७ टक्क्यांचे जेल, आणि ओल्या पद्धतीने थंड खोलीत रात्रभर हस्तांतरण.

टॅग नसलेल्या सीएफटीआरच्या दोन पट्ट्या दिसतात: अर्धवट साखरेची बी पट्टी सुमारे १४० ते १५० किलोडाल्टनला आणि गॉल्जीतून गेलेली, पसरट सी पट्टी सुमारे १७० ला. जीएफपीने दोन्ही साधारण २७ ने वर सरकतात. साखर कापणाऱ्या एंडो-एच एन्झाइमने बी खाली येते, सी येत नाही. पीएनगेझ-एफने दोन्ही येतात. नुसती बी दिसत असेल तर आधी डीएनए निम्मे करून पाहा. तरीही सी येत नसेल तर टॅगची जागा किंवा उत्परिवर्तन तपासा. बाह्य एचएच्या रचनेत सी पट्टी अपेक्षेपेक्षा खाली असेल तर ९०० ची ग्लायकोसिलेशनची खूण मोडली असण्याची शक्यता मोठी. २७ किलोडाल्टनला जीएफपीची ठळक पट्टी दिसली तर टॅग तुटून सुटतो आहे, आणि सूक्ष्मदर्शकाखाली केंद्रकासह भरून दिसणारी हिरवी पेशी हे त्याचेच दुसरे लक्षण.

पेशीपटलावरचा हिस्सा मोजताना जिवंत पेशींना बर्फावर, पटल न भेदता एचएची अँटिबॉडी लावा, धुऊन मगच स्थिर करा. आधी फॉर्मल्डिहाइड घातले की काही पेशींचे पटल गळते आणि आतला एचएही मोजला जातो. शंका असल्यास पेशीद्रवातल्या एखाद्या प्रथिनाची अँटिबॉडी सोबत लावा. ती चमकली तर तो नमुना बाद.

काम करतो का?

आयोडाइडच्या चाचणीत पेशींमध्ये चॅनेलबरोबर हॅलाइड-संवेदी वायएफपी असते. ९६ खणांत प्रत्येकी ६० मायक्रोलिटर द्रावणात १० मायक्रोमोलर फॉर्स्कोलिन (सीएफटीआर चालू करणारे रसायन) घालून काही मिनिटे थांबा, मग सोडियम क्लोराइडऐवजी १३७ मिलिमोलर सोडियम आयोडाइड असलेले पीबीएस (फॉस्फेट बफर) १६५ मायक्रोलिटर सोडा. अंतिम आयोडाइड सुमारे १०० मिलिमोलर होते. चमक किती खाली गेली यापेक्षा पहिल्या काही सेकंदांचा उतार महत्त्वाचा. आयोडाइड हवेत आणि प्रकाशात पिवळे पडते, म्हणून ताजे बनवा आणि झाकून ठेवा.

पॅच क्लॅम्पमध्ये पिपेटात मॅग्नेशियम-एटीपी विसरू नका. सीएफटीआरला उघडायला एटीपी लागते. दोन्ही बाजूंना एनएमडीजी-क्लोराइड (चॅनेलांतून सहसा न जाणारा मोठा धनायन असलेले) ठेवले तर धनायनांचे प्रवाह बाजूला राहतात. फॉर्स्कोलिनने वाढणारा, व्होल्टेजबरोबर सरळ रेषेत जाणारा, काळानुसार न बदलणारा आणि १० मायक्रोमोलर सीएफटीआर-इन-१७२ या रोधकाने थांबणारा प्रवाह हवा. एचईके पेशींत फुगण्याने सुरू होणारा स्वतःचा क्लोराइड प्रवाह भरपूर असतो. तो बाहेरच्या दिशेने जास्त वाहतो आणि मोठ्या धन व्होल्टेजवर हळूहळू मावळतो. तो दाबण्यासाठी बाहेरच्या द्रावणाची ऑस्मोलॅरिटी मॅनिटॉल किंवा सुक्रोज घालून पिपेटपेक्षा सुमारे २० मिलिऑस्मोलने जास्त ठेवा. बाहेरचे क्लोराइड बदलणारा प्रयोग असेल तर संदर्भ इलेक्ट्रोड पोटॅशियम क्लोराइडच्या अगार पुलातून जोडा, नाहीतर इलेक्ट्रोडचे विभवच सरकते आणि चॅनेलची निवडकता बदलल्यासारखी दिसते.

हिरवी पेशी भरपूर, पण प्रवाह नाही, अशी स्थिती आली तर याच क्रमाने जा: प्लाझ्मिडची पूर्ण लांबी पुन्हा मोजा, ब्लॉटवर सी पट्टी आहे का पाहा, टॅग नसलेले नियंत्रण त्याच दिवशी चालते का तपासा, फॉर्स्कोलिनची बाटली बदला. प्रवाह आहे पण टॅग नसलेल्याच्या निम्मा, तर पृष्ठभागावरचे प्रमाण मोजून भागा. प्रति चॅनेल प्रवाह सारखा निघाला तर टॅग फक्त वाहतूक मंदावतो आहे, आणि लांब दुवा किंवा छोटा टॅग घेऊन सुधारणा होऊ शकते. प्रति चॅनेल प्रवाहच घटला असेल तर टॅगची जागा बदलावी लागेल.

साठा ठेवताना पूर्ण अनुक्रम तपासलेल्या कॉलनीचा ग्लिसरॉल साठा २० टक्क्यांवर, उणे ८० अंशांत, आणि शुद्ध डीएनए वेगळ्या फ्रीझरमध्ये उणे २० अंशांत ठेवा. नळीवर जीवाणूची जात, वाढवण्याचे तापमान आणि ४७० व्या जागचे अमिनो आम्ल लिहा. नव्याने प्लाझ्मिड काढला की दर वेळी एकदाच कापून लांबी पाहा. सीएफटीआरच्या बाबतीत मागच्या वेळचा निकाल या वेळच्या नळीला लागू होत नाही.